महागाई दराच्या बातमीत क्रयशक्ती सापडत नाही

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

किरकोळ महागाईचा मासिक आकडा जाहीर झाला की ‘सामान्यांना दिलासा’ किंवा ‘खिशाला कात्री’ यापैकी एक मथळा ठरलेला असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा दर ०.२५ टक्के होता. २०१२ हे आधारवर्ष (ज्याचे भाव १०० धरतात ते वर्ष) असलेल्या मालिकेतला तो सर्वांत कमी दर. ग्रामीण भागासाठी तर तो उणे ०.२५ टक्के निघाला. म्हणजे वर्षभरात खेड्यातल्या माणसाची क्रयशक्ती वाढली, असा अर्थ अनेकांनी काढला. तो का चुकतो आणि महाराष्ट्रातल्या कुटुंबांची क्रयशक्ती खरोखर कशावर ठरते, हे आकड्यांनिशी मांडण्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे, पण विषय एका मथळ्यात मावणारा नाही.

पहिली गोष्ट तुलनेच्या महिन्याची. महागाई दर हा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेल्या तुलनेतून निघतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ६.२१ टक्के होता, म्हणजे भाव आधीच चढलेले होते. चढलेल्या भावांवर ०.२५ टक्के वाढ झाली. दोन्ही वर्षांचा गुणाकार केला (१.०६२१ × १.००२५) तर ऑक्टोबर २०२३ च्या तुलनेत भाव सुमारे साडेसहा टक्के वर होते. भाज्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या ४२.१८ टक्क्यांनी महागल्या, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये २७.५७ टक्क्यांनी स्वस्त झाल्या. ऐकणाऱ्याला वाटते की बरीच घसरण झाली. गणित सांगते की १०० ची भाजी १४२.१८ वर गेली आणि तिथून १०३ वर आली. दोन वर्षांपूर्वीपेक्षा ती तेव्हाही तीन टक्के महागच होती. दर उतरणे आणि भाव उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या बातम्यांत दर महिन्याला एका वाक्यात सांगितले तरी पुष्कळ गैरसमज टळतील.

दुसरी गोष्ट टोपलीची. महागाई ज्यावरून मोजतात त्या ग्राहक किंमत निर्देशांकात वस्तूंची एक ठरावीक टोपली असते आणि प्रत्येक वस्तुगटाला भारांक, म्हणजे शंभरातला वाटा, असतो. २०१२ च्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा भारांक ग्रामीण भागासाठी ५४.१८, शहरी भागासाठी ३६.२९ आणि एकत्रित ४५.८६ होता. घरभाड्याचा भारांक शहरात २१.६७, तर ग्रामीण भागात शून्य. हे भारांक २०११-१२ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीतून आले होते. २०२३-२४ च्या पाहणीपर्यंत ग्रामीण घराच्या खर्चातला अन्नाचा वाटा ४७ टक्क्यांवर आला होता आणि शहरी घराचा ४० टक्क्यांच्या जरा खाली होता. तरीही २०२५ अखेरपर्यंत महागाई मोजली गेली ती जुन्याच टोपलीने. या काळात अन्न स्वस्त झाले की ग्रामीण निर्देशांक कुटुंबाच्या प्रत्यक्ष अनुभवापेक्षा जास्त उतरायचा आणि अन्न महागले की जास्त चढायचा. आता २०२४ हे आधारवर्ष असलेली नवी मालिका आली आहे. तिच्यात अन्नाचा वाटा बराच घटला आहे आणि ग्रामीण घरभाड्यालाही जागा मिळाली आहे. सुधारणा चांगलीच आहे. पण टोपली बदलल्यामुळे जुन्या आणि नव्या दरांची सरळ तुलना करताना वार्ताहरांनी सावध राहायला हवे.

टोपली सरासरी कुटुंबाची असते आणि सरासरी कुटुंब कुठेच राहत नाही. दोन घरे घ्या. एका शेतमजूर घरात खर्चाचा ६० टक्के भाग अन्नावर जातो, तर शहरातल्या पगारदार घरात ३० टक्के. समजा एका वर्षी अन्न ८ टक्क्यांनी आणि बाकी सगळे ३ टक्क्यांनी महागले. मजुराच्या घराची महागाई ६ टक्के होते आणि पगारदाराच्या घराची साडेचार. पुढच्या वर्षी अन्न ५ टक्क्यांनी उतरले आणि बाकीचे साडेचार टक्क्यांनी चढले, तर मजुराच्या घराची महागाई उणे १.२ आणि पगारदाराच्या घराची अधिक १.६५. एकाच राज्यात, एकाच महिन्यात दोन घरे उलट दिशांना जाऊ शकतात. ‘महागाई कमी झाली म्हणतात, आम्हाला तर जाणवत नाही’ असे म्हणणारा वाचक त्यामुळे चुकीचा नसतो. तो आपल्या टोपलीबद्दल बोलत असतो.

याच संदर्भात शेतमजुरांच्या निर्देशांकाची कथा सांगायला हवी, कारण तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. केंद्र सरकारचा लेबर ब्युरो शेतमजुरांसाठी वेगळा निर्देशांक काढतो आणि रोजगार हमीच्या मजुरीची वार्षिक वाढ त्याच्या आधारे ठरत आली. २०२५ च्या मध्यापर्यंत त्या निर्देशांकाचे आधारवर्ष १९८६-८७ होते आणि भारांक होते १९८३ च्या पाहणीचे. अन्नाचा वाटा ६९ टक्क्यांच्या वर धरलेला. मोबाइल रिचार्ज, मुलांची शिकवणी, दवाखान्याची वाहतूक, मोटारसायकलचे पेट्रोल या आजच्या मजुराच्या ठळक खर्चांना १९८३ च्या टोपलीत जागा कशी असणार? जून २०२५ च्या आकड्यापासून २०१९ आधारवर्षाची मालिका आली. पण तोवर ज्या वर्षी अन्नाचे भाव दबले, त्या वर्षी मजुरीची वाढही दबली, मग औषधे आणि प्रवास कितीही महागलेले असोत. महाराष्ट्रात ही मजुरी २०२०-२१ मध्ये २३८ रुपये, २०२४-२५ मध्ये २९७ आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. शेवटच्या वर्षातली वाढ ५.०५ टक्के. कागदावर ती वाईट दिसत नाही. पण घरात येणारा पैसा म्हणजे मजुरीचा दर गुणिले कामाचे दिवस. दर पाच टक्क्यांनी वाढला आणि दिवस पन्नासांवरून चाळीसांवर आले, तर हाती येणारी रक्कम सोळा टक्क्यांनी घटते. दिवसांचा आकडा कुठल्याच महागाईच्या बातमीत नसतो.

क्रयशक्ती हा अपूर्णांक आहे, हे त्यासाठीच वारंवार सांगावे लागते. वर उत्पन्न, खाली भाव. आपली सगळी चर्चा छेदावर होते. महाराष्ट्रासारख्या राज्यात तर विभागा-विभागातला मोठा फरक अंशात आहे, आणि अंश व छेद एकमेकांत अडकलेले आहेत, ही खरी गुंतागुंत.

कांद्याचे उदाहरण घ्या. २०१२ च्या मालिकेत कांद्याचा एकत्रित भारांक जेमतेम ०.६४ होता, म्हणजे कांदा दुप्पट झाला तरी निर्देशांक अर्ध्या-पाऊण टक्क्याने हलणार. तेवढ्यासाठी ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली. उठताना प्रतिटन ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते गेले. शहरातल्या ग्राहकाला महिन्याला फार तर काही दहा-वीस रुपयांचा फरक पडला असेल. नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत ज्यांचे वर्षाचे उत्पन्नच कांद्यावर आहे, त्यांच्या अपूर्णांकाचा अंश मात्र थेट कापला गेला. तिथला कापडदुकानदार, ट्रॅक्टरचा वितरक, खासगी शाळा यांच्याकडेही पैसा येणे त्याच हंगामात मंदावते. एका विभागाचा छेद सावरताना दुसऱ्या विभागाचा अंश किती घटला, हे मोजणारा एकही सरकारी तक्ता आज प्रसिद्ध होत नाही.

मराठवाडा आणि विदर्भातले सोयाबीनही तसेच. हमीभाव २०२३-२४ ला ४,६००, २०२४-२५ ला ४,८९२ आणि २०२५-२६ ला ५,३२८ रुपये क्विंटल. हे आकडे वाढतात, पण बाजार समितीतला व्यवहार अनेकदा त्याखालीच होतो. हमीभावाने विकायचे तर नोंदणी हवी, सातबाऱ्यावर पीकपेरा हवा, खरेदी केंद्रावर बारदाना शिल्लक हवा आणि दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. २०२४ च्या हंगामात नोव्हेंबरमध्ये ही मर्यादा १५ टक्के केली गेली, तोवर परतीच्या पावसात भिजलेला माल अनेकांनी व्यापाऱ्याला देऊन टाकलेला होता. पाच एकरांवर एकरी सात क्विंटल धरले तर ३५ क्विंटल. क्विंटलमागे ६०० रुपये कमी मिळाले तर २१,००० रुपये गेले. २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रातला दरडोई मासिक खर्च ४,१४५ रुपये होता, म्हणजे चार माणसांच्या घराचा १६,५८०. एका पिकाच्या एका विक्रीत घराचा सव्वा महिन्याचा खर्च गेला. महागाई दरात याचा मागमूस नसतो. खत, बियाणे, फवारणी, ट्रॅक्टरचे डिझेल हेही त्या निर्देशांकात येत नाहीत, कारण तो खर्च उत्पादनाचा धरला जातो. शेतकऱ्याच्या घरात मात्र दोन्ही खर्च एकाच पिशवीतून होतात.

शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे पिकाचे उत्पन्न, हाही समज सोडायला हवा. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८, बाकी जनावरे व जोडधंद्याचे. पिकाआधी मजुरी. म्हणजे गावातल्या निम्म्याहून अधिक क्रयशक्तीचे उत्तर शेतमालाच्या भावाच्या बाहेर आहे.

काही उत्पन्ने वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर गोठलेली असतात आणि त्यांचे नुकसान सर्वांत निमूट होते. ईपीएस-९५ या भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या योजनेची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. तेव्हापासून २०२५ पर्यंत निर्देशांक सुमारे १२० वरून १९७ च्या घरात गेला. आजचे हजार रुपये त्या वेळच्या सहाशेच्या आसपास खरेदी करतात. पीएम-किसानचे वार्षिक ६,००० रुपये डिसेंबर २०१८ पासून तेच आहेत. सहा वर्षांत त्यांची खरेदी करण्याची ताकद सुमारे ४,३०० पर्यंत घसरली. राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयासाठीचा केंद्राचा वाटा महिना २०० रुपयेच आहे. लाडकी बहीण योजनेचे जुलै २०२४ पासूनचे १,५०० रुपये आज अनेक घरांना आधार देतात, यात शंका नाही. पण ते निर्देशांकाशी जोडले नाहीत, तर भाव वर्षाला चार टक्क्यांनी वाढत राहिल्यास दहा वर्षांनी त्यांची किंमत आजच्या हजार रुपयांएवढी होईल. दुसऱ्या टोकाला सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैत औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून बदलतो. जुलै २०२५ पासून केंद्राचा दर ५८ टक्के होता. तो मिळतो हे योग्यच आहे. तीच पद्धत हजार रुपयांच्या पेन्शनला का नाही, एवढाच प्रश्न आहे.

ऊसतोड मजुरांचे दर यांच्या मधोमध येतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीन वर्षांसाठी. एकदम मिळालेली वाढ पहिल्या हंगामात मोठी वाटते. भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले तर तीन वर्षांत १५.८ टक्के वाढ त्यातच जिरते. शिवाय कोयत्याने, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडीने, मुकादमाकडून आधीच उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. वाढीव दराचा पहिला रुपया ती उचल फेडण्यात जातो आणि हंगाम अपुरा पडला तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. किमान वेतनाबाबतही नियम आणि हिशेब यांत अंतर आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने निकष ठरवले: कामगार १, जोडीदार ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६ अशी तीन उपभोग एकके, प्रत्येकी २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. या निकषांवर आजच्या भावाने बेरीज करून पाहावी आणि आपल्या भागातल्या प्रत्यक्ष मजुरीशी ताडून पाहावी. कामगार संघटनांनी ही बेरीज तालुक्यागणिक जाहीर करायला हवी.

आता कर्ज. ग्राहक किंमत निर्देशांकात कर्जाचा हप्ता नसतो. पण शहरी, निमशहरी घरात पगार जमा होताच पहिला जातो तो हप्ताच. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो रेपो दर मे २०२० पासून ४ टक्के होता, मे २०२२ पासून चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. २०२१ च्या सुरुवातीला ७ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी २५ लाखांचे गृहकर्ज घेतले असेल तर हप्ता १९,३८२ रुपये. दोन वर्षांनी मुद्दल सुमारे २३.७७ लाख राहते आणि दर ९.५ टक्के झालेला असतो. त्या महिन्याचे नुसते व्याज होते १८,८१६. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात ५६६ रुपये, आणि उरलेली १८ वर्षे वाढून सुमारे ३७ होतात. कर्जदाराला महिन्याच्या खर्चात काहीच बदल जाणवत नाही, म्हणून तो स्वस्थ राहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, याचा पर्याय कर्जदाराला द्यायचा. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. दर उतरले तरी हप्ता आपोआप कमी होईलच असे नाही. अनेकदा फक्त मुदत घटते. ज्या घराला महिन्याचा रोख पैसा हवा आहे त्याने बँकेत लेखी अर्ज देऊन हप्ता कमी करून घ्यावा. ज्याला परवडते त्याने हप्ता तोच ठेवून मुदत घटवावी, त्यात एकूण व्याज वाचते.

छोट्या कर्जांत फसगत निराळी. ‘बारा टक्के फ्लॅट’ असे सांगून १०,००० रुपये २४ हप्त्यांत दिले तर व्याज २,४०० आणि हप्ता ५१६.६७ रुपये. मुद्दल दर महिन्याला घटत असते, व्याज मात्र पूर्ण रकमेवर धरलेले असते. प्रत्यक्ष दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. मार्च २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला सूक्ष्म कर्ज देताना सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. बचत गटातल्या महिलांनी आपापल्या घराचा हा हिशेब स्वतः तपासून ठेवावा, कारण दोन-तीन संस्थांची कर्जे एकाच घरात आली की मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.

करांबाबत थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. ‘१३ टक्के स्वस्ताई’ असे लिहिले-बोलले गेले. ११८ चा माल १०५ ला यायला हवा, म्हणजे घट ११ टक्के. २८ वरून १८ वर आलेल्या वस्तूंत ७.८ टक्के. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत किंमत तशीच ठेवून वजन वाढवण्याची वाट असते, तेव्हा तुलना प्रति ग्रॅम दरानेच करावी. असा एकक दर आता बहुतेक पाकिटांवर छापणे बंधनकारक आहे. उलट बाजूने, १०० ग्रॅमचे पाकीट त्याच किमतीत ९० ग्रॅम झाले तर ती ११.१ टक्क्यांची महागाई आहे. पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे रेल्वेमार्ग नसलेल्या तालुक्यांत प्रत्येक वस्तूवर चढणारे भाडे या कपातीने हलले नाही. आणि खाद्यतेलात तर सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचे आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केले गेले, मे २०२५ अखेर ते १६.५ वर आणले. सोयाबीन उत्पादकासाठी वाढवलेल्या शुल्काचा भाव स्वयंपाकघराने दिला, पण सोयाबीन त्यानंतरही हमीभावाखालीच विकले गेले.

एका चुकीकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण ती वृत्तपत्रांत सर्रास दिसते. दोन राज्यांचे किंवा ग्रामीण-शहरी निर्देशांक शेजारी ठेवून ‘इथे महागाई जास्त’ म्हणजे ‘इथे जगणे महाग’ असे लिहिले जाते. प्रत्येक ठिकाणचा निर्देशांक आधारवर्षी १०० धरलेला असतो. त्यावरून तिथले भाव किती वाढले ते कळते, किती आहेत ते कळत नाही. एखादा भाग आधीच महाग असेल आणि हळू वाढत असेल, तर त्याचा निर्देशांक स्वस्त भागापेक्षा कमी दिसेल. पातळीची तुलना करायला एकाच टोपलीची किंमत दोन्हीकडे लावावी लागते. तसा अधिकृत आधार शेवटचा मिळाला तो २०११-१२ च्या, तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेल्या दारिद्र्यरेषेत: महाराष्ट्रात ग्रामीण ९६७ आणि शहरी १,१२६ रुपये दरडोई दरमहा. फरक सोळा टक्के. पण सिंधुदुर्गातले खेडे आणि गडचिरोलीतले खेडे यांना एकच रेषा, आणि मुंबई व हिंगोलीलाही एकच. जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाने ही उणीव भरत नाही. रायगडमधल्या बंदराचे आणि कारखान्यांचे उत्पादन जिल्ह्याच्या उत्पन्नात धरले जाते, त्यातला किती भाग तिथल्या घरात खर्चायला येतो हा वेगळाच प्रश्न.

ज्यांना आपल्या घराचा आकडा हवा आहे त्यांना तो घरीच काढता येतो. तीन महिन्यांचा खर्च गटवार लिहावा. शाळेची फी, विमा, दुरुस्ती असे वर्षातून एक-दोनदा येणारे खर्च बाराने भागून मासिक करावेत. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो, कारण फीचा महिना सुटला की शिक्षणाचा वाटा नाहीसा होतो. मग प्रत्येक गटाचा शेकडा वाटा काढावा आणि त्या गटाच्या एकक दरातली वर्षभराची वाढ त्याला लावावी. एकूण बिलांची तुलना करू नये, त्यात कमी-जास्त वापर मिसळतो. समजा वाटे असे: किराणा-भाजी-दूध ४२, भाडे १८, शिक्षण १२, प्रवास १०, औषध ८, वीज-गॅस ६, इतर ४. आणि वाढ अनुक्रमे २, १०, १०, ३, ६, ४, ५ टक्के. गुणाकारांची बेरीज ५.०६. इथे एकट्या भाड्याने १.८ आणि शिक्षणाने १.२ टाकले, तर ४२ टक्के वाट्याच्या अन्नाने फक्त ०.८४. औषधांत सरकारी किंमत-नियंत्रणाच्या यादीबाहेरच्या औषधांची कमाल किंमत वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा आहे, म्हणून मधुमेह-रक्तदाबाची नियमित औषधे चालू असलेल्या घराने त्यांची ओळ वेगळी ठेवावी. पगार ४ टक्क्यांनी वाढला असेल तर १.०४ भागिले १.०५०६, म्हणजे ०.९९. क्रयशक्ती एक टक्क्याने घटली, तीही राष्ट्रीय महागाई दर ऑक्टोबर २०२५ सारखा एक टक्क्याच्या आत असताना.

घराला जे जमते ते राज्याला जमायला हवे. राष्ट्रीय नमुना पाहणीत महाराष्ट्राचे सहा प्रदेश आधीपासून पाडलेले आहेत: किनारी, आंतर-पश्चिम, आंतर-उत्तर, आंतर-मध्य, आंतर-पूर्व आणि पूर्व. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत स्वतःचा नमुनाही गोळा करते. केंद्र आणि राज्याचे नमुने एकत्र केले तर प्रदेशवार भारांक निघतात. दर महिन्याला प्रत्येक प्रदेशात पुरेशा किमती गोळा होणार नाहीत, ही अडचण खरी आहे. म्हणून आकडा तिमाही असावा. त्यासोबत चार ओळी असाव्यात: त्या प्रदेशातला पुरुष व स्त्री मजुरीचा दर, रोजगार हमीवर प्रतिकुटुंब मिळालेले दिवस, तिथल्या मुख्य पिकाचा बाजार समितीतला भाव हमीभावाच्या किती टक्के, आणि एकाच ठरावीक टोपलीची रुपयांतली किंमत. यातली बरीच माहिती वेगवेगळ्या खात्यांकडे आजही जमा होते, ती एका पानावर येत नाही. राज्याच्या आर्थिक पाहणी अहवालात त्यासाठी एक प्रकरण ठेवता येईल, अर्थसंकल्पाच्या आधी आमदारांच्या हाती ते पडेल.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती. महागाईची बातमी देताना तीन आकडे जोडावेत: दोन वर्षांपूर्वीच्या तुलनेतली वाढ, ग्रामीण आणि शहरी दर वेगवेगळे, आणि त्या महिन्यात सोयाबीन, कापूस, कांदा, तूर यांना राज्यातल्या दोन-तीन मोठ्या बाजार समित्यांत मिळालेला भाव. चार ओळींची चौकट पुरेल.

आपला,
किंमत निर्देशांकांचा एक अभ्यासक